गुडघ्याएवढं सूर्यफूल

...नाही, त्या उलट्या बादलीवर बसू नका, तिच्याखाली पाइप गळतोय, पँट भिजली तर कंपनीत काय सांगाल? या खुर्चीवर बसा. जावई येतोच आहे — शर्ट बदलतोय, सकाळपासून तिसरा. बियाणं कंपनीचे साहेब येणार म्हणजे थट्टा आहे का? मी? मी सासरा. या रोपवाटिकेत माझं काम काय म्हणाल, तर झारी भरायची आणि तोंड बंद ठेवायचं. झारी मी वेळेवर भरतो.

बघा, हात लावून बघा. हीच ती सूर्यफुलं. माणसाच्या डोक्यावरून जायचं ते झाड, आणि इथं कसं गुडघ्याशी उभं राहून मान वर करून बघतंय, जसं काही खाऊ मागतंय. जावई सांगतो, जन्मजात बुटकी जात आहे, मी शोधून काढली, बी पेराल तर तेही बुटकंच निघेल. आणि तुम्ही ते बी घ्यायला आलात, जावयासकट — हो ना? बी तुमच्या गोदामात, जावई तुमच्या प्रयोगशाळेत, आणि जावयाच्या मागोमाग माझी धाकटी, कंपनीच्या क्वार्टरात. किती लांब आहे हो ते? रात्रभर गाडीत? वा. हवा चांगली असेल.

मी काही बोलत नाही हं. मला काय कळतं, चौथीत इतका बसलो की शेवटी मास्तरच कंटाळून म्हणाले, जा बाबा पुढे. पण तो निळा ड्रम बघितलात? जावई म्हणतो, पाणी आहे. आता पाण्याला तोंड बांधून, हातमोजे घालून कोण भेटायला जातं, ते तुम्हीच सांगा. औषध आहे ते, साहेब, कारखान्यात बनवलेलं. झाडाला मारत नाही, आजारी पाडत नाही, फक्त लांब होऊ देत नाही — दोन पानांमधली दांडी आखडते, पान गर्द, खोड जाड, बघणारा म्हणतो, काय गुटगुटीत आहे. मी जावयाला म्हटलं, थोडं मलाही पाज रे, तुझी सासू असती तर म्हणाली असती, यांच्या जिभेवर शिंपडा. तो हसला नाही. तो हसतच नाही कधी — लहानपणी त्याच्यावर कुणी काय फवारलं, देव जाणे.

अहो, कुंडीतल्या फुलाला औषध द्यायला कोण नको म्हणतंय? सगळेच देतात. कुंडीवर तसं लिहा आणि विका. पण बी? बीला काय माहीत, आईच्या अंगावर काय फवारलं ते? आणि बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात ना — चला, बाप नाही, लेकरू दाखवतो. उठा. इकडे, टाकीच्या मागे. डोकं सांभाळा, पत्रा आहे.

आता मान वर करा. अजून वर. दिसलं? याच कुंड्यांमधलं बी, मी गुपचूप लावलं, ड्रममधला थेंब लागू दिला नाही. पत्र्याच्या वर गेलंय, शेजारणीची धुणी मोजत उभं असतं दिवसभर. जावयाला पत्ता नाही. टाकीमागे येतोय कशाला तो, पालींना घाबरतो.

का दाखवलं म्हणजे? खरं ते कळावं म्हणून. तुम्ही फसू नये म्हणून — असं बघू नका माझ्याकडे. बरं, ऐका. धाकटी मला रोज सकाळी चहा देते आणि चहाबरोबर शिव्या. अण्णा, गिऱ्हाइकांना छळू नका, अण्णा, पोस्टमनच्या टोपीत बेडूक कुणी ठेवला? ती गेली की मी थोरल्या मुलाकडे. बॅगसुद्धा भरून ठेवलीय तिने, स्वेटर वरच ठेवलाय. थोरली सून फार भली. इतकी भली, की मी काहीही गंमत केली की म्हणते, "हो का." दिवसभर हो का. वाढ खुंटवायला याहून जालीम औषध तुमच्या कारखान्यातही निघायचं नाही. ते जाऊ द्या, मुद्दा बियाचा आहे. तर सौदा मोडला, असं धरू ना?

हसताय काय?

माहीत होतं? जावयाने पाठवलेल्या फोटोवरूनच? पानांच्या रंगावरून ओळखलंत — मग आलात कशाला इतक्या लांब? काय म्हणता... औषधाची पुडी? बियांच्या पाकिटातच? आणि ती संपली की गिऱ्हाइकाने नवी आणायची, तुमच्याकडूनच. वा. मी आपला टोपीत बेडूक ठेवून खूश. पण मग जावयाचं काय काम? त्याने तर तुम्हाला थाप — काय? डोस? हां, डोस. ते खरं आहे. जरा जास्त झालं तर रोप कायमचं खुजं, जरा कमी तर उंच लांबडं. त्याचं एकही वाया गेलेलं नाही. ते मी नाही म्हणणार नाही.

याचा? या टाकीमागच्याचा फोटो? पाकिटावर छापायला — पुडी न टाकता असं होतं, म्हणून?

घ्या. थांबा, मी बाजूला होतो, माझं टक्कल येईल त्यात.

आला बघा जावई. निळाच शर्ट कायम झाला शेवटी. त्याला पालींचं सांगितलं म्हणून सांगू नका. तुम्ही व्हा पुढे, बोला त्याच्याशी. मला झारी भरायची आहे.