रुमाल कुठं धराचा?

…अन् वरून बायकोचे मामा मलेच विचारून राहिले, "अंकुश, पोरीच्या नाकात दोन थेंब काहून नाही टाकत गा?" आता या मानसाले काय सांगाव? तुमाले सांगतो, आमच्या घरात नाक फक्त शोभेले हाये. माही पोरगी पारमी, चार वर्षाची. जन्मापासून तिच्या श्वासाचा वरचा रस्ता अरुंद, म्हनून डॉक्टरनं गळ्याले बारकं छिद्र करून तिथं नळी बसवली. तवापासून पोरगी श्वास घेते तिथून, खोकते तिथून, शिंकतेबी तिथूनच. नाक आपलं रिटायर झालेल्या साहेबावानी चेहऱ्यावर बसून राहते. वाहते कधीमधी, ते पुसाचं, बस.

त्यात वाडीतली डिसेंबरची थंडी, अमरावती रोडच्या ट्रकांची धूळ, झाली पोरीले सर्दी. तुमच्या पोराले सर्दी झाली तं तुमी काय करता? रुमाल देता. आमच्या इथं घराचा दवाखाना होते. हात धुवा, सक्शन मशीन लावा, गळ्याच्या नळीत बारीक पाईप घाला, चिकट कफ ओढा, मग नळीवर मास्क धरून वाफारा द्या, बोटाले ऑक्सिजनचा चिमटा लावा अन् त्याच्या आकड्याकडे पाहत बसा… मशीन अशी घरघर करते का शेजारच्या सिंधूताई विचारते, "रोज एवढी चटनी कायले वाटता जी?"

हसता काय? मले नव्हतं हसू येत. मागच्या सर्दीत याच नळीत कफ अडकला होता. पोरीचे ओठ निळे पडले, अन् धंतोलीच्या दवाखान्यात आयसीयूच्या काचेबाहेर मी अन् माही बायको मोनाली, एकमेकाले पानी प्याले सांगत उभे. प्यालं कोनीच नाही. म्हनून या खेपेले डॉक्टरनं आधीच बजावलं, "अंकुशराव, कफ घट्ट होऊ द्यायचा नाही. ऑक्सिजन उतरला किंवा श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या, तर थेट इकडे या." मले भेव त्या काचेचं. परत तिथं उभं राहाचं नव्हतं मले, बस.

अन् डॉक्टरनं आनखी एक सांगतलं, बोलाचं झाकन काढून ठेवा. त्या नळीवर एक छोटंसं झाकन लावतो आमी, ते लावलं का हवा वरते जाते अन् पोरीचा आवाज निघते. पन कफ घट्ट असला तं ते लावाचं नाही. म्हनजे जी पोरगी दिवसभर "बाबा हे काहून, बाबा ते काहून" करून माहं डोकं खाते, ते एकदम चूप. काही पाह्यजे असलं तं टाळी वाजवाची, असं ठरलं. घरात इतकं शांत का मलेच करमेना.

पन नातेवाईक चूप बसतीन तं ते नातेवाईक कसले? पहिली माही माय, बायजाबाई. तिनं शेगडीवर ओवा टाकला, धुरी द्याले! "अंकुश, तुही सर्दी याच धुरीनं पळाली होती." म्हनलं, "माय, मले नाक होतं वं! हिच्या नळीतून धूर सिधा फुफ्फुसात जाते." मोनालीनं शेगडी उचलून बाहेर पायरीवर ठेवली, तं मायबी शेगडीपाशी जाऊन रुसून बसली.

तेवढ्यात आले भैय्याजी. मोनालीचे मामा, शहरातल्या महाल भागातून खास स्कूटरवर, पोरीले पाहाले. आपल्याकडे बिमार मानसाले पाहाले जावच लागते, नाही गेलं तं पुढच्या लग्नात तोंड कसं दाखवाव? पन हे मानूस स्वतःच शिंकत आलं! मोनालीनं दारातच मास्क हातात देला. मामानं लावला… कुठं? गळ्यावर.

मी म्हनलं, "मामाजी, मास्क वरते घ्या."

"काहून? रस्ता गळ्यातून हाये म्हने ना?"

"तिचा जी! तुमचा नाकातूनच हाये."

यावर त्या मानसानं खिशातून बामची डबी काढली, म्हने गळ्याले चोळतो, अन् नाकात दोन थेंब… मी म्हनतो आमच्या घरात नाक फक्त शोभेले हाये, ते म्हनते आमी काय पोरं वाढवली नाही का, मी म्हनतो बाम नको, ते म्हनते निदान उशीले लावतो. असे तावातावात आमी दोघं, अन् बाहेरून माय ओरडली, "अबे भांडखोरहो, पोरगी टाळ्या वाजवून राहिली!"

पाहतो तं पारमी दोन्ही हातानं टाळ्या वाजवून राहिली, डोळे मोठे, नळीत घुरघुर, अन् चिमट्यावरचा आकडा खाली खाली. कधीपासून वाजवत होती कोनास ठाऊक. मोनालीनं मशीन लावली, पाईप घातला, एकदा, परत एकदा… अन् निघाला कफाचा गोळा. आकडा हळूहळू वर चढला. मामानं न सांगता मास्क नाकावर घेतला. अन् मी मायले हात धरून आत आनलं. शेगडी राहिली बाहेरच.

काचेबाहेर नाही उभं राहाव लागलं, भाऊ. पुढच्या काही दिवसात कफ पातळ झाला, डॉक्टर म्हने लावा झाकन. पन मामाची सर्दी गेली कुठं? माह्याकडे! म्हनून मी दूर, दारात उभा. माय, मोनाली पोरीपाशी. मोनालीनं झाकन लावलं. माय म्हने, "आजी म्हन." मी दारातून, "बाबा म्हन!" अन् तेवढ्यात मले आली शिंक… आक्छीऽऽ! खिशातून रुमाल काढला, पन सवय हो, हात गेला गळ्यावर. सारी शिंक उंबरठ्यावर.

पारमीनं माह्याकडे पाह्यलं. इतक्या दिवसानं तोंड उघडलं अन् म्हने, "बाबा, तुहं नाक वरते हाये ना."

मोनाली हसून राहिली, माय डोळ्याले पदर लावून राहिली, अन् मी उभा तिथंच, डोळ्यातून पानी, नाकातून पानी. काय करता? पुसलं. पहिले गळा, मग नाक.