ओसरीला दार

सांगते, पण हसायचं नाही. आमचे वडील, अण्णा, सुतार. दुष्काळात आमच्या ढोकी गावात काम उरलं नाही, म्हणून ते रत्नागिरीकडं बंगल्यांच्या पडव्या काचेनं बंद करायच्या कामाला गेले. तिथल्या लोकांना पडवीत ऊन हवं असतं, पण समुद्राचं खारं वारं नको असतं.

दिवाळीला अण्णा आले ते उरलेली तावदानं आणि गंज न चढणारे पितळी स्क्रू घेऊनच. सुट्टी संपायच्या आत आमची ओसरी काचेनं बंद झाली. पुढं दारही बसलं. "आता फुफाटा आत येणार न्हाय. बस अभ्यासाला," म्हणाले आणि परत कामावर गेले.

शेजारच्या शांतामावशी रोज संध्याकाळी सूप घेऊन आमच्या ओसरीत यायच्या आणि ज्वारी निवडत आईशी बोलत बसायच्या. त्या यायच्या थांबल्या. अण्णा नसताना आईचं बोलणं तेवढंच होतं. आता ती काचेतून रस्ता बघत बसायची. शेवटी धीर करून मीच मावशींकडं गेले.

"मावशी, आईवर रागावलात का?"

"न्हाय गं. तुमच्या ओसरीला दार आलं. दार म्हणल्यावर वाजवावं लागतंय. वाजवलं की तुझी आई विचारणार, काय काम काढलं? मला तर काईच काम नसतंय."

"मग मी बोलवायला आलेय. चला."

मावशींनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"बोलावल्यावर यायला मी काय पाव्हणी हाय का, पोरी?"