तिसऱ्या बेसवरचा निकाल

कमलताई, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी जास्त घेणार. बोलणं जड जातंय, पण दुःख आहे म्हणून नव्हे. राग आहे म्हणून.

कमलताई, तुमचे यजमान मनोहर निखारे गेले. दिवसभर हातमागावर बसायचे आणि संध्याकाळी मुलींच्या सॉफ्टबॉलला पंच म्हणून उभे राहायचे. आज त्यांच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'निष्पक्ष पंच' लिहिलंय. छान. नऊ वर्षांपूर्वी आपल्या याच क्रीडा मंडळाने पंचांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं, तेव्हा ही अक्षरं कुठे होती?

आठवतो ना तो अंतिम सामना? आपल्या मुली आणि उमरेडच्या मुली. बरोबरी चालू. आपली एक मुलगी तिसऱ्या बेसवर. पुढच्या मुलीने चेंडू उंच मारला, उमरेडच्या मुलीने तो झेलला, आणि आपली मुलगी धावत होमला पोचली, धाव झाली. जिंकलो म्हणून तुम्ही जागेवरच नाचायला लागलात. तेवढ्यात उमरेडच्या कॅप्टनने चेंडू मागवून तिसऱ्या बेसला लावला आणि पंचांना विचारलं. मनोहरभाऊंनी मूठ वर केली. आऊट. धाव रद्द. पुढच्या डावात आपण हरलो.

नियम काय सांगतो? झेल होईपर्यंत धावणारीचा पाय बेसवर हवा. आपली मुलगी आधीच सुटली होती. मी गुणलेखकाच्या टेबलाशी होते, बेस माझ्या समोर होता. मी पाहिलं.

"काहून गा मनोहर, झोपून राहिला होता का?" आपल्यातलंच कोणी ओरडलं. "आमचं नाचून झाल्यावर जाग आली काय बे?" सगळे हसलात. आधी गप्प बसला, मग बोलला, म्हणजे फितूर झाला. हा तुमचा न्याय.

अहो, गप्प बसणं हाच नियम होता! ही चूक दिसली तरी पंचाने आपणहून बोलायचं नसतं. समोरच्या संघाने मुदतीत विचारलं, तरच निकाल द्यायचा. ते इंग्रजी पुस्तक आम्ही दोघांनी माझ्या ओसरीवर बसून वाचलं होतं. मी वाचायची, ते वहीत मराठीत उतरवायचे. या नियमाशी ते अडले.

"बाई, मले दिसलं तरी बोलाचं नाही? काहून?"

"चूक पकडणं हाही खेळच आहे, मनोहरभाऊ. तो त्या मुलींनी खेळायचा."

मग हसले. "म्हणजे पंचाले पोटात ठेवता आलं पाहिजे. माही सासू त नापासच होईन, बाई."

कमलताई, हसा. तुमच्या आईबद्दलच होतं ते.

मग मंडळाची बैठक. मनोहरभाऊंनी नियम सांगितला. "पुस्तकात दाखव," म्हणून मंडळाने ते इंग्रजी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं; त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्याच खुर्चीत होते. मला कोणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. कॉन्व्हेंटात नन्सनी मला इंग्रजी शिकवलं, खरं बोलायलाही शिकवलं. त्या दुपारी माझ्या तोंडून दोन्हीपैकी एकही बाहेर पडलं नाही. ते गप्प राहिले होते नियमाने. मी कोणत्या नियमाने? मला मंडळातली खुर्ची हवी होती, दुसरं काही नाही.

त्यानंतर सामना असला की मैदानावर चुन्याची फक्की मारायला मात्र आपण त्यांनाच बोलावलं. त्यांची रेघ आपल्याला चालायची. निकाल चालत नव्हता. एकदा मी म्हटलं, "तुम्ही येता तरी कशाला?" चुन्याचे हात झटकत म्हणाले, "रेघ वाकडी झाली त पोरीइचं नुकसान होते, बाई."

आता अध्यक्ष उठतील आणि दोन मिनिटं शांतता पाळा म्हणतील. नको. शांतता आपण नऊ वर्षं पाळली, त्यांच्या तोंडावर पाळली.

त्याऐवजी मी आज विचारते. मुदत कधीच संपली आहे, तरी विचारते. ती मुलगी आऊट होती की नव्हती? त्या दिवशी मैदानावर असलेले निम्मे लोक इथे बसले आहेत. आऊट होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी मनोहरभाऊ करायचे तशी मूठ वर करा. कमलताईंना दिसू द्या.

मनोहरभाऊ, तुमचा निकाल बरोबर होता. माझा नमस्कार घ्या.

ही माझी मूठ वर आहे. म्हातारा हात आहे, लवकर दुखतो. पण तुमच्या मुठी वर आल्याशिवाय मी तो खाली घेणार नाही.