बाबांचा एकच शब्द

रुग्णालयात वाचा-उपचार विभागाबाहेर मी माझ्या नंबरची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीची तिथल्या मदतनीसाच्या जागेसाठी मुलाखत होती आणि थोरली तिची तयारी करून घेत होती.

“हेच काम का करायचंय, असं विचारतील. काय सांगशील?”

“बाबांचं सांगेन. अर्धांगवायूचा झटका आल्यावर त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, पाठ दुखली तरी उद्याच.”

“मग तुला कळायचं कसं?”

“आधी नाहीच कळलं. चिडायचे मी. एकदा मी डोक्याला हात लावून रडत बसले, तर तेच माझी समजूत काढायला लागले, ‘उद्या, उद्या.’ तेव्हापासून शब्द सोडला आणि सूर ऐकायला लागले.”

“छान. असंच सांग. फक्त भरभर बोलू नकोस.”

“बरं, ताई.”

“फोनवर माझ्याशीही तेच म्हणायचे. मला वाटायचं, उद्या ये म्हणताहेत. मी आपली दर वेळी, बाबा, रजा मिळाली की निघतेच.”

“माहितेय. फोन मीच धरायचे ना त्यांच्या कानाला.”

“खरं सांग. काय म्हणत होते गं?”

“तुझं नाव घेत होते, ताई. फोन ठेवला तरी दाराकडे बघून हाका मारत राहायचे.”

आतून धाकटीला बोलावणं आलं.

“जा. केस नीट कर. आणि ऐक.”

“काय?”

“आत बाकी सगळं सांग. हे शेवटचं तेवढं नको. ते माझं आहे.”