‘नाकारतो’ म्हण, दादा

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे शिवणक्लासवाल्या बाई दवाखान्यात डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी बसलेले बहीणभाऊ दिसत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं.

“रविवारी माझ्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि धर्मपिता होणार नाही हे तू आज सांगतोस?”

“होईन गं. पण बाळाच्या वतीनं फादर मला विचारणार, सैतानाला नाकारतोस का? तिथं माझी जीभ अडेल.”

“‘नाकारतो’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! फादर काय पेपर तपासणारेत?”

“जो नाहीच, त्याला नाकारू कसा?”

“लहानपणी पलंगाखाली वाकून बघितल्याशिवाय झोपायचा नाहीस.”

“म्हणून तर कळलं. तिथं कधीच कुणी नव्हतं.”

“हळू बोल. बाबा आत डॉक्टरांकडे आहेत, दार उघडंय.”

“असू दे.”

“दादा, बाबांनी पट्टा काढला की आई आपल्याला घेऊन मोरीत कोंडून घ्यायची. काय सांगायची तेव्हा?”

“हे तुमचे बाबा नाहीत, त्यांच्या अंगात सैतान शिरलाय.”

“मी अजून तेच धरून बसलेय. म्हणून त्यांना वाढते, दवाखान्यात आणते. सैतान नव्हताच, तर मग पट्टा कुणाच्या हातात होता?”



“रविवारी ‘नाकारतो’ म्हणेन मी. पण तेव्हा कुणाकडे बघेन, ते विचारू नकोस.”

आतून काठी टेकत कुणीतरी आलं.

“पोरांनो, कुठं आहात रे? सगळं धूसर दिसतंय. हात द्या कुणीतरी.”

काठी तिथंच थांबली. बाईंनी श्वास रोखला.

“धरा, बाबा,” भावाचा आवाज आला. “इथं पायरी आहे.”