पारनेरला गेल्ते तेव्हा

मी तिसगावची. आईबाप ऊसतोडीला जायाचे, मला मावशीकडं ठेवायचे, आन मावशी तमाशाच्या फडात, म्हंजे मी फडातच वाढले म्हना. काय सांगू तुम्हाला, मावशी म्हनायची शिक, यात पडू नको, पन मला वगातली सगळ्यांची बोलनी पाठ, राजाची पन आन शिपायाची पन. नाचायची मागच्या रांगेत, वगात एखादं बारकं काम, डोळा सगळा मोठ्या कामावर.

मागल्या शिजनला संदीप आला, फडाचे लाईट लावायला. पारनेरकडचा, आमच्यातलाच, बौद्ध घरचा. मी बोलाया लागले की उजेड माझ्यावर जरा जास्तीच ऱ्हायाचा, मालकीनबाई वरडायच्या. लगीन करू म्हनला. मी म्हनलं काम सोडनार न्हाई, तर म्हनला सोडू नको, फक्त आमच्या घरी साडीच्या दुकानात हाय म्हन.

यंदा नवा वग बसवला, त्यात राणीचं काम मला दिलं. मी लगीच आईला फोन केला, आई रडलीच. आन नेमकं तालमीच्याच दिवशी पारनेरला संदीपच्या घरी मला बघायचं ठरलं. मालकीनबाई म्हनल्या, गेलीस तर काम पिंकीला देईन. मला वाटलं रागात म्हनत्यात. गेले.

त्याचा बाप लई सज्जन मानूस. मायेनं इचारलं, बाळा, काय करतीस? आता मी रोज एवढ्या मान्सांपुढं खोटं बोलनारी, पन तिथं जीभच उचलंना. फडात हाय म्हनलं. वरडले न्हाईत वो, वरडले असते तर बरं झालं असतं. म्हनले, पोरी, आपल्या बायांच्या पायातले चाळ सुटावेत म्हनून आपल्या लोकांनी काय काय सोसलं, आन तू परत बांधलेस. मी म्हनलं, बाबा, पोटासाठी न्हाई बांधले, मला येतं म्हनून बांधले. म्हनले, आसंल, पन या घरात न्हाई. मी संदीपकडं बघितलं. तो मोबाईलात बघत बसला.

त्यानंच स्टँडवर सोडलं, फोन करतो म्हनला. तवापासून फोन बंद. लाईटला पन दुसराच मानूस आला. मी फडावर परत आले तर पिंकी राणीचं बोलनं म्हनत हुती, मालकीनबाईंनी मान वर केली न्हाई.

आता जत्रा चालू हायेत. मी मागच्या रांगेत. पिंकी अडकली की मागून हळूच सांगते, पोर गुनाची हाय, तिचं भलं होवो. आईचा कारखान्यावरून फोन येतो, तुझी राणी बघाया कवा येऊ? मी म्हनते, आये, यंदा ऱ्हाऊ दे, पुढल्या साली ये.