स्क्रीन हिरवीच होती

जबाब
दि. ०४/१०/२०२५

नाव: सुमेधा तातेराव हिवाळे, वय २९ वर्षे, व्यवसाय: खाजगी नोकरी (संगणक विभाग), मूळ रा. टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, ह. मु. जालना.

मी कोणीही न बोलावता आज रोजी पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी आई-वडिलांसोबत राहते व जालना येथील एका बियाणे कंपनीत पाच वर्षांपासून नोकरीस आहे. माझ्याच विभागात भागवत मच्छिंद्र फदाट, वय ३२, रा. राजूर, हे काम करतात. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणते. भागवतभाऊ काल सकाळपासून बेपत्ता आहेत. त्यांची पत्नी मोनाली बाहेर बाकड्यावर बसली आहे. तिच्याच्याने बोलणे होत नाही, म्हणून मी सांगत आहे.

आमच्या कामाबाबत विचारल्यावरून सांगते की, कंपनीत एका मोठ्या मशीनच्या पोटात दहा-पंधरा संगणक चालतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण कामे खरीच करतात. एक हजेरी बघतो, एक माल पाठवायचे बघतो, एक कोल्ड रूमचे तापमान सांभाळतो. या सगळ्यांचा कारभार बघणारा एक मॅनेजमेंट सर्व्हर असतो. आणि तो सर्व्हर स्वतः धड आहे का नाही, हे आमच्या खोलीतल्या भिंतीवरच्या टीव्हीवर दिसते, त्याला डॅशबोर्ड म्हणतात. हिरवे म्हणजे ठीक, पिवळे म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे पळा. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ येते, त्यावरून ही माहिती कधीची आहे ते कळते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बेबीनंदा मॅडम म्हणाल्या की एवढे कशाला लिहायचे. मी म्हणाले, मॅडम, माणूस याच्याच पायी घर सोडून गेलाय, बराबर लिहा.

बुधवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असते. मालकांच्या आई केशरबाई दरसाल स्वतः येऊन वजनकाट्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लावतात. यंदा त्यांनी सर्व्हर रूममध्येही समई लावली. एसीच्या वाऱ्याने ज्योत हलायला लागली. केशरबाई म्हणाल्या, "नवरात्राचा दिवा हाय बाप्पा, इझू देऊ नका." आमचे मॅनेजर कल्याण सर यांनी रिमोट घेऊन एसी बंद केला. मी म्हणाले, "सर, मशीन तापंल." ते म्हणाले, "मी लावतो की घंटाभरानं. तू जाय, तुझी गाडी हाय ना?" आमच्या खोलीतल्या टीव्हीलाही झेंडूचा जाड हार घातला होता. तो उजव्या बाजूने खालपर्यंत लोंबत होता. दसऱ्याच्या संध्याकाळची आरती होईपर्यंत पूजेतले काही हलवायचे नाही आणि सर्व्हर रूमचे दार उघडायचे नाही, असे केशरबाईंनी सर्वांना बजावले. दाराला कुलूप लावून किल्ली कल्याण सरांनी खिशात टाकली. एसी चालू केला नाही तो नाहीच.

गुरुवारी दसऱ्याची ड्यूटी माझी होती. परंतु तो आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आई दीक्षाभूमीला जाते, तिचे गुडघे गेलेले, एकटीला पाठवता येत नाही. म्हणून त्या दिवशी भागवतभाऊ दरवर्षी माझ्या जागी बसतात, आणि हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या घरी सण असतो तरी ते म्हणतात, "ताई, सोनं काय संध्याकाळी बी लुटता येतंय. तुम्ही मावशीला घेऊन जा." यंदाही तसेच म्हणाले. मी नागपूरला गेले. भाऊ कुलूपबंद दाराच्या अलीकडे त्या हार घातलेल्या टीव्हीसमोर दिवसभर बसले. स्क्रीन हिरवी होती.

मी शुक्रवारी सकाळी गाडीवरून उतरून थेट कामावर गेले, तेव्हा अंगणात सगळी कंपनी गोळा झालेली होती. कोल्ड रूमची भट्टी झाली होती. थंड करणारे यंत्र बंद पडले होते आणि ओल काढणारा हीटर तसाच चालू राहिला होता. त्या खोलीत कंपनीच्या मूळ वाणाचे बी असते, ज्याच्यावर पुढचे सगळे बियाणे तयार होते. मालक सर्वांसमोर भागवतभाऊंना म्हणाले, "टीव्हीपुढं बसून झोपा काढीत होता का रे? तुझ्या सात पिढ्या राबल्या तरी हे बी परत यायचं न्हाई." भाऊ म्हणाले, "साहेब, स्क्रीन हिरवीच होती." मालकांनी परत विचारले, भाऊंनी परत तेच सांगितले. लोक हसायला लागले. कल्याण सर बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "मी याला एसी लावायचं सांगून गेल्तो." हे धादांत खोटे आहे. किल्ली त्यांच्याच खिशात होती. मी तोंड उघडेपर्यंत भाऊंनी गळ्यातले ओळखपत्र काढून मालकांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवले व मोटारसायकल घेऊन निघून गेले. मी गेटपर्यंत पळाले. त्यांनी मागे बघितले नाही.

येथे नमूद करावे की बी खरेच मेले का, हे उगवण चाचणीशिवाय कोणी सांगू शकत नाही. ती चाचणी अद्याप लावलेलीसुद्धा नाही. बियाला तेवढी सवड, आणि माणसाला न्हाई!

नंतर मी टीव्हीवरचा हार ओढून काढला. कोपऱ्यात वेळ होती बुधवार संध्याकाळची. सर्व्हर रूम तापली आणि मशीनने स्वतःला बंद करून घेतले, कोल्ड रूम सांभाळणारा संगणकही त्यातच गेला. आमचा डॅशबोर्ड त्याच मशीनवर चालत होता, म्हणून तोही मेला, आणि टीव्हीवर शेवटचे चित्र तसेच चिकटून राहिले. धोक्याचा मेसेजही तिथूनच सुटतो. पहारेकरीच मेल्यावर हाळी कोण देणार? भाऊ दिवसभर मेलेल्या मशीनचा फोटो राखत बसले होते. हार बाजूला सारला असता तर एका नजरेत कळले असते. पण पूजेला हात लावू नका म्हटल्यावर ते कसे लावतील? कल्याण सरांना मी हे दाखवले. ते म्हणाले, "आता याचा बोभाटा करू नको." मी त्यांना जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

मी लागलीच भाऊंना फोन लावला, तो बंद आला. त्यांचा एक आवाजी मेसेज तेवढा आधी येऊन पडला होता. त्यात ते म्हणतात, "ताई, मी पापणी न्हाई लवू दिली. मला हिरवंच दिसून राह्यलं होतं. माझ्या डोक्यातच कायतरी बिघाड झालाय का?" त्यापुढे आवाज नाही, नुसता गाड्यांचा आवाज आहे. हार काढल्यावर काय दिसले ते मी लिहून पाठवले. ते अजून त्यांना पोहोचलेले नाही.

काल रात्री मोनालीच्या भावाला भाऊंची मोटारसायकल बदनापूर रेल्वे स्टेशनबाहेर मिळाली. किल्ली तिलाच होती. आज सकाळी तेथील चहावाल्याने फोनवर सांगितले की, अशा वर्णनाचा माणूस फलाटाच्या टोकाला बसलेला आहे, चहा दिला तर घेतला नाही. मी फोनवरच हात जोडले म्हणून स्टेशनवाल्यांनी माईकवर त्यांचे नाव पुकारले. चहावाला म्हणाला, नाव ऐकताच तो माणूस उठला आणि रुळाच्या कडेने जल्दी जल्दी चालत गेला. त्यानंतर कोणाला दिसला नाही.

कंपनीची तक्रार येणार असेल तर येऊ द्या. एसी कोणी बंद केला हे मी कोठेही सांगायला तयार आहे, माझी नोकरी गेली तरी. गुन्ह्याचे मागून बघा साहेब, आधी माणूस बघा. तुमची माणसे रुळावर पाठवा, पण वर्दीत पाठवू नका. नुसते नाव पुकारले की त्यांना वाटते धरायला आले. त्यांना अजून कोणीच सांगितलेले नाही की त्यांचे डोके ठिकाणावर आहे, चूक त्यांची नव्हती.

माझा जबाब बेबीनंदा मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. मोनालीला ऐकू जावे म्हणून दार उघडे ठेवले होते. सही करून मी तिला घेऊन बदनापूरला निघत आहे. स्टेशनवाल्यांना आपण फोन करून सांगावे की यावेळी माईक माझ्या हातात द्या. भाऊ माझा आवाज ओळखतात.

(सही)
सुमेधा तातेराव हिवाळे